बाईंची आवस्पासेरिंग

त्या लाँड्रीत रजा हवी असेल तर कारण लागायचं, आणि ते कारण बाईंना पटावं लागायचं. ही काही कोपऱ्यावर दोन शर्ट इस्त्री करून देणारी लाँड्री नव्हे हं. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांची गाठोडीच्या गाठोडी रोज यायची आणि धुऊन, वाळवून, कडक घड्या होऊन परत जायची. खाली धुलाईची मोठमोठी यंत्रं, वर इस्त्रीचे रूळ आणि घड्यांची टेबलं, मागच्या अंगाला गाड्या लावायचं आवार. या सगळ्यावर बाईंची नजर. बाईंना नाव असेलच की, पण ते वापरायची कुणाची छाती नव्हती. मालकसुद्धा ‘बाई’च म्हणायचे, आणि का नाही म्हणणार? शाळेच्या चड्डीत असल्यापासून त्यांनी बाईंचा आवाज ऐकलेला.

आवाज म्हणजे काय आवाज! खाली यंत्रं घरघरत असली तरी वरच्या मजल्यावरून बाईंनी हाक मारली की गाडीचा ड्रायव्हर आवारात जागच्या जागी थिजायचा. पण शिव्या नाहीत. नुसता धारदार टोमणा, आणि त्यावर आख्खी लाँड्री हसायची. ज्याला टोमणा बसला तोही हसायचा, जरा उशिरा.

रजेची कारणं तरी काय एकेक! घड्या घालणाऱ्या मुलींच्या घरी पाहुणे फार. ड्रायव्हर लोक तर सरळ माणसंच मारायचे. एकानं आपला मामा दोनदा मारला. तिसऱ्यांदा मारणार, इतक्यात तोच मामा मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन लाँड्रीच्या दारात हजर. बाईंनी मामाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि भाच्याला बोलावून म्हणाल्या, “बघ रे, वर गेलेली माणसं हल्ली परतही यायला लागलीत.” आणि त्याच दिवशी त्यांनी नियम करून टाकला, की कामाच्या वेळेत कुणाचंही घरचं माणूस फाटकाच्या आत नको. जिवंत नको आणि मेलेलंही नको.

बाईंनी स्वतः मात्र कधी साधी रजा टाकली नव्हती. मुलीचं लग्न, सासऱ्यांचं जाणं, असं काही असेल तरच. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, थोडा जास्तच होता.

अशा या लाँड्रीत नॉर्वेहून एक मेकॅनिक आला. चादरीला इस्त्री करून आपोआप घडी घालणारं यंत्र मालकांनी तिकडून मागवलं होतं आणि ते बसवून द्यायला हा आलेला. उंच इतका की वरच्या मजल्यावरच्या वाफेच्या नळांना त्याचं डोकं लागायचं. पहिल्याच दिवशी घड्यांच्या टेबलावरच्या कुणीतरी त्याचा ‘नॉर्वेकर’ करून टाकला आणि ते नाव त्याला असं चिकटलं की तोही हाकेला ओ द्यायला लागला. माणूस कामाला वाघ. शनिवारी उशिरापर्यंत आणि रविवारी तर दिवसभर तो यंत्राच्या पोटात शिरलेला. लाँड्री बंद, पण किल्ल्या बाईंकडे, म्हणून बाईही तिथेच. तो पाना मागायचा आणि बाई हातोडी द्यायच्या, असं करत करत दोघांचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत बरं जमलं.

आणि मग बुधवारी हा पठ्ठ्या आलाच नाही!

“आजारी आहे का?” बाईंनी मालकांना विचारलं.

“नाही हो. काल सांगून गेला. आज येणार नाही म्हणाला.”

“कारण?”

मालकांनी खांदे उडवले. “फिरणार आहे म्हणे.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्राचा अर्धा पत्रा उघडा पडलाय आणि हा फिरणार आहे! दुपारी त्या एका हॉटेलात हरवलेल्या अभ्र्यांचं भांडण मिटवायला गाडीतून निघाल्या, तर नदीच्या पुलावर कठड्याला टेकून स्वारी उभी. हातात सफरचंद. खाली पाण्याकडे बघत सफरचंद खातोय. बाईंनी गाडी हळू घ्यायला लावली आणि काचेतून नीट निरखून पाहिलं. कुणाची वाट बघत नव्हता. फोनवर बोलत नव्हता. काहीच करत नव्हता.

“रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी,” बाई ड्रायव्हरला म्हणाल्या. पण गाडी पुढे गेल्यावरही त्यांनी मान वळवून पाहिलं. एवढा कामाचा माणूस, आणि चेहऱ्यावर चोरी केल्यासारखं काहीच कसं नाही?

दुसऱ्या दिवशी तो आला तोच बाईंनी त्याला गाठलं.

“काल का नाही आलात?”

“काल माझी आवस्पासेरिंग होती.”

“काय होती?”

त्यानं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि समजावून सांगायला बसला. शनिवार-रविवार त्यानं जास्तीचं काम केलं. ते काम फुकट जात नाही, ते माणसाच्या नावावर राहतं. मग चांगल्या कामाच्या दिवशी सुट्टी घ्यायची आणि ते उतरवून टाकायचं. ‘स्पासेरे’ म्हणजे रमतगमत चालणं. चालून उतरवायचं, असा त्या शब्दाचा अर्थ.

“म्हणजे चालायलाच पाहिजे?”

“नाही, नाही. लोक झोपतात. माझी बहीण घराला रंग देते. पण शब्द चालण्याचाच आहे.”

जेवल्यावर शतपावली घालून जेवण जिरवतात, तसं हे काम जिरवणं असणार, असं बाईंनी मनाशी लावून घेतलं. एवढं पटलं. पण खरी गोष्ट पुढेच होती.

“आणि कारण काय सांगायचं?”

“कसलं कारण?”

“सुट्टीचं! वरच्या माणसानं विचारलं तर?”

नॉर्वेकर गोंधळला. “कारण हेच, की आधी काम केलं. ते तर झालेलं आहे.”

आजवर बाईंसमोर आलेलं प्रत्येक कारण पुढचं असायचं. उद्या कुणाचं लग्न आहे, परवा कुणाला दवाखान्यात न्यायचंय, तेरवा कुणीतरी मरणार आहे. मागे पडलेलं, आधीच झालेलं कारण आजवर कुणी घेऊन आलं नव्हतं. कुणाला सुचलंच नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही.

“तुमच्याकडे काय म्हणतात?” त्यानं विचारलं.

“आमच्याकडे रजा टाकतात.”

“कुठे टाकतात?”

“साहेबाच्या टेबलावर. आणि नाही मिळाली तर दांडी मारतात.”

“दांडी?”

बाईंनी चादरी वाळत टाकायची दांडी दाखवली. नॉर्वेकरानं ती नीट पाहिली. “ही कुणाला मारतात?”

बाई विचारात पडल्या. “कुणालाच नाही. नुसतीच मारतात.”

घड्यांच्या टेबलावरच्या मुली तोंडात टॉवेल कोंबून हसत होत्या. तोही हसला, आणि मग सहज म्हणाला, “रविवारी तुम्हीही होतात माझ्याबरोबर. तुमची आवस्पासेरिंग कधी?”

“माझी? मला रविवार असतो की. एक गेला तर गेला.”

“आणि तुमच्या नवऱ्याला?”

“त्यांना सोमवार. म्युझियममध्ये पहारेकरी आहेत. रविवारी तिथे गर्दी असते, सोमवारी बंद.”

“म्हणजे एकत्र कधीच नाही?” त्याच्या निळ्या डोळ्यांत खरोखरचं आश्चर्य होतं. “मग सोमवारी ते काय करतात?”

बाईंनी घडी घातलेली चादर उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

अहो सोमवारी काय करतात? कुठल्या हॉटेलाच्या टॉवेलाला कुठल्या रंगाची किनार हे झोपेत विचारलं तरी सांगतील अशा या बाई. पण लग्नाला जन्म लोटला, मुलगी नांदायला जाऊन तिची पोरं शाळेत जायला लागली, आणि आपला नवरा सोमवारी काय करतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. पूर्वी, अगदी सुरुवातीला, ते म्हणायचे, ‘सोमवारी रजा घेशील का गं एखादी?’ बाई म्हणायच्या, ‘कारण काय सांगू?’ मग ते विचारायचे थांबले. कधी थांबले, तेही बाईंच्या लक्षात नव्हतं. आता आलं.

संध्याकाळी घरी आल्यावर नेहमीसारखा अहोंनी चहा पुढे केला. बाई घरी फारशा बोलत नसत. दिवसभर ओरडून घसा बसलेला, पाय सुजलेले. पाटावर पाय ठेवून त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या आणि अहो टीव्हीचा आवाज बारीक करून टाकायचे. आज त्यांनी विचारलं, “अहो, सोमवारी तुम्ही काय करता?”

अहोंचा हात बशीवर थांबला. “काही नाही. इकडेतिकडे.”

“इकडे म्हणजे कुठे, आणि तिकडे म्हणजे कुठे?”

“अगं, असंच. पाय मोकळे करतो.” आणि कधी नव्हे ते टीव्हीचा आवाज त्यांनी मोठा केला.

झालं! बाईंच्या डोक्यात किडा शिरला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय खोटं? हा साधा माणूस. खोटं बोलायला लागला की कान लाल होतात, आणि आत्ता दोन्ही कान लालबुंद. दुसरी बाई? छे, बाईंना स्वतःचंच हसू आलं. पण हसू ओसरल्यावर जे उरलं ते हसण्यासारखं नव्हतं. या माणसाचं एक आयुष्य आहे, आठवड्याच्या आठवड्याला भरणारं, आणि त्यात आपण नाही. त्यांनी आपल्याला त्यातून काढलं नाही, आपणच गेलो नाही. आता गेलो तर जागा असेल का? बाईंना भीती वाटली. सरळ शब्दांत सांगायचं तर नवरा हातातून निसटला असेल आणि आपल्याला कळलंही नसेल, अशी भीती वाटली.

शनिवारी नॉर्वेकर सगळ्यांचे हात हातात घेऊन, नळाला शेवटचं डोकं आपटून निघून गेला. आणि दुपारी बाई मालकांच्या खोलीत गेल्या.

“सोमवारी मला सुट्टी हवी.”

मालक खुर्चीतून उठलेच. “काय झालं? कोण गेलं?”

“कुणी नाही.”

“मुलगी बरी आहे ना?”

“मजेत आहे.”

“मग... कारण?”

हा प्रश्न बाईंनी आजवर किती जणांना विचारला असेल. पण समोरून आला तेव्हा कसा लागतो ते आज कळलं. “आवस्पासेरिंग आहे माझी,” त्या म्हणाल्या आणि मान ताठ ठेवून उभ्या राहिल्या.

आता जो बाईंच्या हाताखाली चादर झटकायला शिकला, तो ‘हे काय असतं’ असं बाईंना विचारणार कसा? मालकांचा चेहरा उतरला. “घ्या, घ्या,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “लागतील तेवढे दिवस घ्या. काळजी घ्या, बाई.”

बाई खोलीतून बाहेर पडल्या आणि त्यांच्या मागून ती बातमीही बाहेर पडली. बाईंना आवस्पासेरिंग झालीय! खाली धुलाईवाल्यांपर्यंत पोचेस्तोवर ती रक्तातली झाली होती. घड्या घालणाऱ्या एकीची लांबची चुलतसासू त्यातच गेली होती म्हणे. मामा मारणाऱ्या ड्रायव्हरनं तर डोळेच पुसले. समजावून सांगायला नॉर्वेकर तरी हवा ना, तो एव्हाना विमानात. आणि बाईंना विचारायची कुणाची बिशाद? संध्याकाळी सगळे त्यांच्याशी इतके गोड बोलले की बाईंना वाटलं, यांनी मिळून काहीतरी जाळलंय की काय.

सोमवारी सकाळी अहोंनी पाहिलं तर बाई चप्पल घालून, केस विंचरून बसलेल्या, पण कामाची पिशवी खुंटीलाच.

“तू गेली नाहीस?”

“आज मला सुट्टी आहे.”

“का? कोण गेलं?”

“अहो, माणसं मेल्याशिवाय सुट्टी मिळत नाही का या गावात!” बाई कडाडल्या. मग जरा सावरून म्हणाल्या, “तुमच्याबरोबर येते मी. जिथे जाल तिथे. नेहमी जाता तस्संच जायचं, माझ्यासाठी काही बदलायचं नाही.”

अहो स्वयंपाकघरात गेले. डब्यात थोडं जास्त भरून घेतलं आणि पिशवी खांद्याला लावली.

नवरा-बायको रस्त्याला लागले खरे, पण सुरुवातीला बाईंचे पाय ऐकेनात. त्या आपल्या तरातरा पुढे, आणि मागे वळून बघावं तर अहो एका जुन्या घराच्या दरवाजावर तळहात ठेवून उभे. पुढे गेले तर बेकरीच्या भिंतीला हात. मग झाडाच्या बुंध्याला. मग कापडाच्या दुकानाबाहेर लावलेल्या जाड पडद्याला, आतून-बाहेरून.

“हे काय चालवलंय?”

अहो लाजले. “आठवडाभर खुर्चीवर बसून लोकांना ‘हात लावू नका, हात लावू नका’ म्हणत असतो गं. मग मलाही लावता येत नाही. सोमवारी लावून घेतो.”

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनीही बेकरीच्या भिंतीला हात लावून पाहिला. आत भट्टी असणार, भिंत ऊन होती.

आणि ओळखी तरी किती! बटणांच्या दुकानातली आजी आतून ‘या’ म्हणाली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यानं डोळ्यावरचं भिंग न काढताच हात वर केला. अहो थांबायचे, दोन शब्द बोलायचे, ‘ही आमची घरची’ म्हणून ओळख करून द्यायचे, आणि प्रत्येक जण बाईंकडे जरा जास्तच कुतूहलानं बघायचा. बाईंना गंमतही वाटत होती आणि आतून काहीतरी टोचतही होतं. एवढ्या परक्या लोकांना हा माणूस हसताना माहीत आहे, आणि आपल्याला?

ऊन डोक्यावर आलं तसे अहो रेंगाळायला लागले. एका वळणावर थांबले, घड्याळ पाहिलं, आणि म्हणाले, “चल, घरी जाऊ. दमली असशील.”

“सोमवारी आता घरी जाता तुम्ही?”

“...नाही.”

“मग कुठे जाता?”

कान लाल. पण आता मागे हटतील त्या बाई कसल्या. “अहो, मी काय सांगितलं होतं? नेहमीसारखंच. चला.”

अहो निमूटपणे एका अरुंद गल्लीत शिरले. ही गल्ली बाईंनी जन्मात पाहिली नव्हती. दोन्ही बाजूंना घरांच्या मागच्या भिंती, वाळत टाकलेले कपडे, एक शिलाईचं दुकान. गल्ली संपली तिथे किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी, टपरीला टेकून एक बाक, आणि बाकासमोर तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे एक मोठं आवार, निळ्या गाड्या, आणि वरच्या मजल्यावर ओळीनं खिडक्या.

बाईंना ओळखायला वेळ लागला. इमारत कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. मग वरच्या एका खिडकीतून वाफ बाहेर आली आणि डोक्यात प्रकाश पडला. ही तर आपली लाँड्री! उलट्या बाजूनं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतकी वर्षं आतून बाहेर पाहिलं, बाहेरून आत कधी पाहिलंच नव्हतं.

“या काका!” किल्लीवाला कानस घासता घासता म्हणाला. बाईंकडे त्याचं लक्ष नव्हतं. “आज उशीर केलात, पण चुकलं नाही काही. आज बाईंचा आवाजच नाही सकाळपासून. ड्रायव्हर सांगत होता, आजारी आहेत म्हणे. काहीतरी परदेशी आजार आहे, नाव पण धड घेता येत नाही. जगतात की नाही, अशी भाषा चाललीय बघा.”

अहोंचा चेहरा पांढराफटक पडला. ते बाईंकडे वळले. सकाळपासूनचं सगळं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. कारण न सांगता घेतलेली सुट्टी, ‘तुमच्याबरोबर येते’ म्हणणं, सगळं. “म्हणून आलीस?” एवढंच ते कसंबसं म्हणाले आणि बाकावर बसले.

“अहो नाही! मेल्यांनी काय केलंय हे!” बाई त्यांच्याशेजारी धपकन बसल्या आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. “आजार नाही तो. शब्द आहे. सुट्टीचा शब्द आहे तिकडचा. मला काही झालेलं नाही, घोड्यासारखी ठणठणीत आहे मी. अहो, इकडे बघा ना.” आणि मग नॉर्वेकर, रविवारचं काम, पूल, सफरचंद, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. अहोंच्या जिवात जीव यायला वेळ लागला. किल्लीवाला कानस हातात धरून उभा होता. आता कुठे त्याला कळलं की काकांच्या शेजारी कोण बसलंय. तो टपरीत शक्य तेवढा आत सरकला.

मग बाईंनी विचारलं, “आता तुम्ही सांगा. माझं ओरडणं ऐकायला येता इथे?”

अहो चपलेकडे बघत राहिले. “दुपारी गाड्या लागतात तेव्हा तू खिडकी उघडतेस. फाटकाच्या आत यायचं नाही असा तुझा नियम. हा बाक बाहेर आहे.”

“अहो, पण घरी मी असतेच ना!”

“घरी तू दमलेली असतेस गं. बोलत नाहीस. मी तक्रार करत नाही, दमणारच माणूस. पण लग्न झालं तेव्हा तू कशी बोलायचीस, आठवतं? माझ्या आईला हसून हसून ठसका लागायचा. ती तू कुठे गेलीस, असं वाटायचं मला. एकदा असाच भटकत इथे आलो आणि वरून तुझा आवाज आला. कुणाला तरी झापत होतीस. खालची सगळी माणसं हसत होती. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! म्हटलं, आहे की ही. इथे आहे.”

बाई रडल्या. भर दुपारी, किल्लीवाल्याच्या टपरीशेजारी, पदरात तोंड खुपसून रडल्या. आपण चांगलं ते तिथे देत होतो आणि उरलंसुरलं घरी आणत होतो. आणि हा माणूस भांडला नाही, कुढला नाही. आपला डबा घेऊन, चालत चालत, चांगलं होतं तिथे येऊन बसला.

“सांगायचं तरी मला!”

“काय सांगणार? नोकरी सोड म्हणून? मग तर तो आवाजही गेला असता.”

इतक्यात आवारात गडबड उडाली. तोच मामा मारणारा ड्रायव्हर गाडी मागे घेत होता आणि मागे चादरींची भरलेली ट्रॉली तशीच उभी. कुणाचंच लक्ष नाही. बाईंना राहवेना. त्या बाकावर चढल्याच.

“अरे ए सारथी! मागे डोळे फुटलेत का पुढे? थांब! त्या चादरींवरून गाडी नेलीस तर त्याच चादरीत तुला गुंडाळून घरी पाठवीन, मामाकडे!”

गाडी कचकन थांबली. मग वरच्या सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या आणि ‘बाई! बाई!’ असा एकच गलका झाला. कुणी हात हलवतंय, कुणी रडतंय, ड्रायव्हरनं तर कुंपणाशी येऊन हातच जोडले. “बऱ्या झालात, बाई?”

मालक धावत कुंपणापाशी आले. “बाई, उठलात कशाला अंथरुणातून! पण आलाच आहात तर... दोनच मिनिटं वर याल का? नवं यंत्र सकाळपासून अडलंय, चादर घेतं आणि सोडतच नाही.”

बाई बाकावरून खाली उतरल्या. पायांना वळण होतंच, ते आपसूक फाटकाकडे वळले. आणि त्यांनी सहज मागे पाहिलं. अहोंनी उघडायला घेतलेला डबा पुन्हा बंद केला होता. बाईंना वाट द्यायला ते पाय आत घेऊन बाकाच्या एका टोकाला सरकून बसले होते. चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही. सवयच झालेली.

“उद्या बघते,” बाई मालकांना म्हणाल्या.

“पण बाई, दोनच—”

“उद्या! चादर काही पळून जात नाही. डाव्या बाजूचा खटका खाली करा आणि सोडत नसेल तर नसेल. जा.”

त्या परत येऊन बसल्या, अहोंच्या मांडीवरचा डबा ओढून घेतला आणि झाकण उघडलं. पहिला घास त्यांना देऊन बोलायला लागल्या. त्या यंत्राला नॉर्वेकर काय म्हणायचा, मामा पत्रिका घेऊन आला तेव्हा भाच्याचं तोंड कसं झालं होतं, अभ्र्यांच्या भांडणात हॉटेलचा मॅनेजर खोटं बोलताना कशी बोटं मोडतो. एकात एक, एकात एक. मॅनेजरची नक्कल केली तेव्हा अहोंना ठसका लागला, टपरीत किल्लीवालाही फसकन हसला, आणि कुंपणापलीकडे दोन-चार जण डबे घेऊन ऐकायला उभे राहिलेले दिसले. बाई एकदम थांबल्या.

“अहो, फार मोठ्यानं बोलते का हो मी?”

“नाही गं,” डोळे पुसत अहो म्हणाले. “इथून नीट ऐकू येतंय. बोल.”